बोलताना दिसला

‘रिव्हरडेल’चा पहिला भाग मी दोनदा पाहिलाय. एकदा पुण्यात हॉस्टेलवर, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, लॅनवर कुणीतरी टाकलेली कॉपी. दुसऱ्यांदा गेल्या दिवाळीत, जामखेडला मामाच्या गच्चीवर. पहिल्या वेळी एवढंच वाटलं होतं की बरी आहे, पोरी छान आहेत, पुढचा भाग टाका. दुसऱ्या वेळी मात्र त्या एका भागात अडकलो, तो आजपर्यंत.

मामाची धाकटी बारावी सायन्सला आहे. दिवसभर नीटचं फिजिक्स आणि रात्री साडेदहानंतर फोन, असा मामीशी तिचा करार आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “दादा, तुझं नेटफ्लिक्स लाव ना. मर्डरवालं काहीतरी.” हॉलमध्ये शक्यच नव्हतं. तिथं मामा बातम्या बघत होते, आजी जागी होती, आणि अमेरिकन पोरांच्या सीरिजमध्ये पाचव्या मिनिटाला काय दिसेल याचा नेम नाही. मग गच्चीवर सतरंजी टाकली, फोन पाण्याच्या टाकीला टेकवला, इअरफोनची एक वायर तिच्या कानात, एक माझ्या, मध्ये चिवड्याचा डबा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जानेवारी २०१७ मध्ये आलेली ही सीरिज जुन्या ‘आर्ची’ कॉमिक्सवरून केलेली आहे. कॉमिक्स हसतंखेळतं, सीरिज मात्र अंधारी. गावाचं नाव रिव्हरडेल. ४ जुलैच्या पहाटे चेरिल आणि जेसन ब्लॉसम ही जुळी भावंडं पांढऱ्या कपड्यांत नदीवर होडीत बसायला जातात. चेरिल परत येते, भिजलेली, रडत. जेसन येत नाही. ती सांगते की हातमोजा पाण्यात पडला, तो काढायला जेसन वाकला, होडी उलटली. नदी धुंडाळतात, प्रेत मिळत नाही. सुट्टी संपते, शाळा उघडते. न्यूयॉर्कहून व्हेरॉनिका नावाची श्रीमंत मुलगी येते, तिचा बाप घोटाळ्यात अटकेत. बेटीचं आर्चीवर प्रेम आहे, आर्चीचं संगीतावर आणि संगीताच्या शिक्षिकेवर. हे सगळं जगहेड नावाचा एक पोरगा लॅपटॉपवर लिहून काढतोय आणि त्याच्याच आवाजात आपण ऐकतोय. शेवटी दोन मुलं रात्री नदीकाठी जातात आणि त्यांना जेसनचं प्रेत सापडतं. कपाळाच्या मध्यभागी गोळीचं भोक.

बहिणीची कॉमेंट्री सुरू होती. “हे दहावीतले आहेत? दादा, त्याच्या दंडाकडं बघ.” “एकेकाला एवढं मोठं लॉकर? आमच्याकडं एका बाकावर तिघी.” पॉप्स नावाचं हॉटेल दिसलं, निऑनचे दिवे, लाल सोफे, आर्ची आणि बेटी समोरासमोर बसून मिल्कशेक पितायत. त्यावर ती काही बोलली नाही. थोडा वेळ चिवडा चावायचीही थांबली. मग म्हणाली, “आणि यांना कुणी काही म्हणत पण नाही.”

हे वाक्य मला फार लागलं, कारण छोट्या गावाची सीरिज आणि छोटं गाव यांच्यातला फरक नेमका तिथंच आहे. जामखेड काही खेडं नाही. तालुक्याचं ठिकाण आहे, बाजारपेठ आहे, नगरला जायला एसटीनं दोन तास पकडा. मधून विंचरणा नदी जाते, तिच्यात होडी उलटायची तर आधी पाऊस पडावा लागेल. पण सतरा वर्षांच्या मुलानं आणि मुलीनं एकमेकांसमोर बसायची जागा गावात कुठंच नाही. रसवंतीत बसलं तर रसवंतीवाला मुलीच्या काकाच्या ओळखीचा निघतो. मग बोलायचं कुठं, तर झेरॉक्सच्या दुकानात, नोट्सची देवाणघेवाण करताना, किंवा एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना. म्हणजे उभ्या-उभ्या. आणि उभं राहून बोलणारी दोन माणसं फार लांबून दिसतात. संध्याकाळपर्यंत ती बातमी घरी पोचलेली असते, बहुतेक वेळा ती दोघं घरी पोचायच्या आधी.

‘बोलताना दिसला.’ आमच्याकडं हे पूर्ण वाक्य आहे. कुणाशी, कशाबद्दल, किती वेळ, हे सांगावं लागत नाही.

रिव्हरडेलमध्ये आर्ची आणि त्याची शिक्षिका भर सकाळी नदीकाठी भेटतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. गावात कुणी कुणाला दिसतच नाही, म्हणून तिथं रहस्य घडू शकतं. आमच्या गावात रहस्य घडायचं असेल तर आधी पुष्कळ माणसांनी मिळून, दिसलेलं विसरायला लागतं.

भाग संपला. कोपऱ्यात पुढच्या भागाचे आकडे उलटे मोजायला लागले. तिनं पॉझ केलं आणि इअरफोन काढून विचारलं, “दादा, आपल्याकडं झालंय का रे असं कधी? म्हणजे आपल्या वयाच्या कुणाचं?”

मी म्हणालो, “आपल्याकडं कुठलं.”

ती काही बोलली नाही. दुसरा भाग लावला. मला मात्र त्यातलं फारसं काही आठवत नाही.

झालंय. आमच्याच तालुक्यात झालंय.

२८ एप्रिल २०१४, खर्डा. जामखेडवरून मोटारसायकलवर अर्ध्या-पाऊण तासात पोचता. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव १७९५ च्या लढाईसाठी येतं, मराठ्यांनी निजामाला हरवलं ती. गावाला भुईकोट किल्ला आहे. त्या दिवशी तिथं सतरा वर्षांचा एक दलित विद्यार्थी मेला. फिर्यादीत म्हटलं होतं की वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी तो बोलताना दिसला, म्हणून त्याला मारत नेलं आणि नंतर झाडाला लटकवलं. बातमी महाराष्ट्रभर गेली, दिल्लीपर्यंत गेली. पुढारी आले, मोर्चे निघाले. त्याआधी दोनच महिने, १४ फेब्रुवारीला, नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ आला होता. मंजुळे शेजारच्या करमाळा तालुक्यातला. आम्ही मित्रांनी नगरला जाऊन पाहिला होता. शेवटच्या दगडाला थिएटर चिडीचूप झालं होतं आणि बाहेर येऊन आम्ही भेळ खाल्ली होती.

मीही तेव्हा सतरा वर्षांचाच होतो. बारावीची परीक्षा झालेली, जेईई होऊन गेलेली, लोकसभेचं मतदानही नुकतंच आटपलेलं. दिवसभर घरात पडून असायचो. दुसऱ्या दिवशी की तिसऱ्या, बाबांनी पेपर वाचून घडी करून ठेवला. आजीनं विचारलं, “कुणाचं पोर?” बाबांनी सांगितलं. म्हणजे नाव नाही सांगितलं, समाज सांगितला. आजी ‘अरेरे’ म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली. मग बाबा माझ्याकडं वळून म्हणाले, “बाहेर कुणी विषय काढला तर आपण बोलायचं नाही. आपल्याला काय करायचंय?”

आम्ही मराठा आहोत, हे सांगायला हवं. नाहीतर वरच्या परिच्छेदाला अर्थ राहत नाही.

साडेतीन वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०१७ ला, नगरच्या सत्र न्यायालयानं निकाल दिला. पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. ज्यांनी आधी पाहिलं म्हणून सांगितलं होतं, त्यांतले बरेच जण न्यायालयात म्हणाले की आम्ही काही पाहिलं नाही. ‘साक्षीदार फितूर झाले’ असं पेपरात आलं. फितूर हा शब्द आम्ही चौथीच्या इतिहासात शिकलो. तिथला फितूर आपली माणसं सोडून शत्रूला जाऊन मिळतो. कोर्टातला फितूर मात्र आपल्या माणसांत परत येतो.

जे सुटले ते कायद्यानं निर्दोष आहेत आणि त्यांच्याबद्दल मी काही म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की एक सतरा वर्षांचा पोरगा मेला, आणि त्याला कुणी मारलं याचं आजचं अधिकृत उत्तर ‘माहीत नाही’ असं आहे. सीरिजमध्ये उलटं असतं. पहिल्या भागात कुणालाच काही माहीत नसतं, आणि एकेका भागागणिक कळत जातं. आमच्याकडं पहिल्या दिवशी अख्ख्या तालुक्याला सगळं माहीत होतं. मग तारखांमागून तारखा पडत गेल्या, आणि एकेका तारखेगणिक कमी-कमी माहीत होत गेलं. शेवटच्या भागात कुणालाच काही माहीत नव्हतं.

त्याच नोव्हेंबरात आणखी एक निकाल लागला. शेजारच्या कर्जत तालुक्यातलं कोपर्डी. जुलै २०१६ मध्ये तिथं एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिला मारलं होतं, आणि त्यानंतर राज्यभर लाखोंचे मराठा मोर्चे निघाले होते. नगरच्याच न्यायालयानं १८ नोव्हेंबरला तिघांना दोषी ठरवलं आणि २९ नोव्हेंबरला फाशीची शिक्षा सुनावली. म्हणजे खर्ड्याचा निकाल या दोन तारखांच्या बरोबर मध्ये लागला. कोपर्डीच्या मुलीला न्याय मिळायलाच हवा होता, त्यात दुमत असायचं कारणच नाही. मला सांगायचंय ते आमच्या घराबद्दल. २९ तारखेला दुपारी बाबांचा हॉस्टेलवर फोन आला होता, “निकाल लागला रे, फाशी झाली तिघांना.” आवाज भरून आला होता. २३ तारखेला फोन आला नव्हता. आणि मीही लावला नव्हता. त्याच दिवसांत कधीतरी मी ‘रिव्हरडेल’चा पहिला भाग पाहिला. नक्की कुठल्या रात्री ते सांगता येणार नाही, पण सबमिशनच्या आधीचे दिवस होते, थंडी पडली होती, आणि रूममेटनं गोळीचं भोक दिसल्यावर शिट्टी मारली होती.

त्या वेळी एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. त्या पहिल्याच भागात एक साक्षीदार आहे. आर्ची. त्या दिवशी नदीकाठी शिक्षिकेबरोबर असताना त्यानं बंदुकीचा आवाज ऐकलेला असतो. जेसन बुडाला नाही, त्याला मारलं, हे कळायला तो एक आवाज पुरेसा आहे. पण सांगितलं तर ‘तू तिथं काय करत होतास’ हा प्रश्न येणार. म्हणून ती दोघं ठरवतात की बोलायचं नाही. आर्ची वाईट मुलगा नाही. सीरिजचा हीरोच आहे. त्याला फक्त स्वतःचं काहीतरी वाचवायचंय. अर्थात सीरिजला पुढं सरकायचं असतं, त्यामुळं एक-दोन भागांत तो पोलिसांकडं जातो, थोडं खरं, थोडं खोटं सांगतो, आणि कथा मोकळी होते. गच्चीवर तो प्रसंग आला तेव्हा बहीण फोनकडं बोट दाखवून म्हणाली, “हा असा गप्प का बसला? मूर्ख आहे का?”

मूर्ख नाही. मला माहितीये तो का गप्प बसला.

अकरावीत माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. गणितात माझ्यापेक्षा चांगला. माझ्यापेक्षा म्हणजे वर्गात सगळ्यांपेक्षा. गावाबाहेरच्या वस्तीतून सायकलवर यायचा. इंटिग्रेशन मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, त्यानं शिकवलं, मधल्या सुट्टीत, वहीच्या मागच्या पानावर. वर्गातली एक मुलगी त्याच्या नोट्स न्यायची. बस, एवढंच. नोट्स न्यायची आणि परत करायची, झेरॉक्सच्या दुकानापाशी. कुणालातरी तो बोलताना दिसला.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी सायकल स्टँडच्या मागं गाडी लावलेली होती ती काढायला गेलो. तिथं तीन जण त्याला मारत होते. लाथांनी. ओरडत नव्हते, शिव्याही हळू आवाजात. मला ते फार विचित्र वाटलं होतं, इतकं शांतपणे मारणं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी किल्ली हातात घेऊन उभा होतो. तिघांना मी नावानिशी ओळखत होतो. एक तर आमच्या भावकीतला. त्यानंही माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, जा म्हणून. मी गेलो. गाडी तिथंच ठेवून चालत गेलो, कारण गाडी काढायला त्यांच्या जवळून जावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. म्हणाले, “तुझी गाडी रात्रभर स्टँडलाच होती. तू होतास ना तिथं?” सर चांगले होते, त्यांना खरंच विचारायचं होतं. मी म्हणालो, “नाही सर. गाडी पंक्चर होती, मी चालत क्लासला गेलो.” पंक्चर हा तपशील मी त्या क्षणी बनवला. मला स्वतःलाच नवल वाटलं, किती सहज आला. सर दोन सेकंद बघत राहिले, मग म्हणाले, “बरं. जा.”

त्यानंतर तो कॉलेजला आला नाही. नंतर कळलं की बाहेरून बारावी दिली, मग रांजणगावला एका कंपनीत लागला. मी इंजिनिअर झालो. इंटिग्रेशन मला अजून येतं.

सध्या माझं काम आहे लॉग वाचायचं. रात्री दोनला सिस्टीम पडली की सकाळी आम्ही बसतो आणि कुठं काय तुटलं ते ओळीओळीनं शोधतो. त्याला नियम असा आहे की दोष माणसाला द्यायचा नाही, फक्त घडलं ते क्रमानं लिहायचं. मला ते चांगलं जमतं. टीममध्ये माझं नाव आहे त्यासाठी. परवा असाच एक रिपोर्ट लिहिताना मनात आलं की त्या संध्याकाळचा लॉगही माझ्याकडं आहे, वेळेसकट, आणि तो आजवर कुणी मागितला तेव्हा मी पंक्चर दाखवलंय.

दिवाळी झाली, मी पुण्याला आलो. पासवर्ड बहिणीकडंच राहिला. पंधरा दिवसांत तिनं पहिला सीझन संपवला. तेरा भाग, मामीच्या करारात राहून की मोडून, ते मी विचारलं नाही. खुनी कोण ते आता सांगतो, सीरिज २०२३ मध्ये संपलीसुद्धा, त्यामुळं कुणी रागावू नये. जेसनला त्याच्या बापानंच मारलेलं असतं. (पुढच्या सीझनमध्ये या मंडळींनी इतका धुडगूस घातलाय की हा खून त्यातली सगळ्यात साधी गोष्ट वाटते. पहिल्या सीझनला थांबावं, हा आपला माझा सल्ला.)

तिचा मेसेज आला, “बापच निघाला. मला पहिल्यापासून वाटत होतं. घरचंच कुणीतरी असतं.”

मी तेव्हा कॅबमध्ये होतो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. का कोण जाणे, मी टाइप केलं, “तू विचारलं होतंस ना, आपल्याकडं असं झालंय का. झालंय. खर्डा, २०१४. गूगल कर.”

निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर यायला बराच वेळ लागला.

“माहितीये मला,” तिनं लिहिलं. “आठवीत असताना वर्गातल्या मुलीनं सांगितलं होतं. मम्मीला विचारलं तर म्हणाली यावर बोलायचं नाही.”

आणि मग, “म्हणूनच तुला विचारलं होतं. तू पुण्यात राहतोस म्हणून.”

आणि मग, “तू आपल्याकडं कुठलं असं का म्हणालास?”

याला मेसेजमध्ये देण्यासारखं उत्तर नव्हतं. कॅबमधून उतरलो, रूमवर गेलो, तिचे साडेदहा वाजायची वाट पाहिली आणि फोन लावला. खर्ड्याबद्दल मी तिला नवीन काही सांगू शकणार नव्हतो. म्हणून सायकल स्टँडपासून सुरुवात केली. वहीच्या मागच्या पानावरचं इंटिग्रेशन, झेरॉक्स, हातातली किल्ली, पंक्चर. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगताना लक्षात आलं की मला त्या मुलाच्या स्वेटरचा रंगसुद्धा आठवतोय. बहीण मध्ये काही बोलली नाही. मागं मामीचा आवाज येत होता, झोप आता म्हणून.

सगळं झाल्यावर तिनं विचारलं, “ते तिघं कोण होते?”

भावकीतला जो, तो आता गावात असतो, त्याचं खताचं दुकान आहे. दर भाऊबीजेला मामांकडं फराळाला येतो. या वर्षीही आला होता. बहिणीनंच त्याला ओवाळलं, आणि त्यानं ताटात पाचशेची नोट टाकली होती.

मी तिला दोन नावं सांगितली.